पुट्टीत ‘ठाणे’ लिहिलं की पौंड आणि येन दिसतात, मॅकवर लोकेलचा इशारा येतो, टेबलातल्या काही ओळी कायमच्या बिघडल्यात. सुरुवात कुठून करायची?

रबाळे_नाका

नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या एका गोदामाच्या डिस्पॅच यादीत मराठी पत्ते आणि युरोपीय नावं एकाच टेबलात आहेत. पत्ते म्हणजे ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे, मुंब्रा वगैरे. पुरवठादार फ्रान्स आणि जर्मनीतले, त्यामुळे रेने या नावातल्या शेवटच्या ई वर तिरकी रेघ आणि म्युलरच्या यू वर दोन टिंबं हवीत. सर्व्हर ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये, उबुंटू २२.०४ (लिनक्स), त्यावर मारियाडीबी हा डेटाबेस. टेबलाचा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायचा तक्ता, यूटीएफ८एमबी४ आहे. डेटाचा काही भाग जुन्या सर्व्हरवरून आणलेला आहे. कामाची मशिनं दोन प्रकारची: विंडोज १० वर पुट्टी (सर्व्हरशी जोडणारं टर्मिनल) आणि मॅकवर त्यातलंच टर्मिनल.

पुट्टीत ठाणे लिहिलेली ओळ आली की चलनाच्या खुणांची रांग दिसते: पौंड, येन, मधेच ‘पाऊण’चा अपूर्णांक. रेघवाल्या ई च्या जागी दोन खुणा येतात, दुसरी कॉपीराइटची. ऐरोली असलेली ओळ आली की तिच्या पुढचा मजकूर उमटतच नाही, कधी कधी पूर्ण पडदा गप्प होतो. टीमक्समध्ये (एका टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्रॅम) मराठीच्या जागी नुसत्या खालच्या रेघा.

मॅकवरून लॉगिन केलं की बॅश सांगतं, एलसी_सीटाइप यूटीएफ-८ ला बदलता येत नाही. मग एलएस कमांडमध्ये मराठी फाइलनावं \३४०\२४४ अशी दिसतात. पण टेबलातल्या बहुतेक ओळी मॅकवर नीट दिसतात, जुन्या सर्व्हरवरच्या तेवढ्या तिथेही कचरा.

शिवाय छापील यादीत कोपरखैरणे मधेच तुटतं आणि शेवटी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह येतं. एक्सेलमध्ये सीएसव्ही उघडली तर सगळंच बिघडलेलं.

सर्व्हरवर ‘लोकेल’ चालवलं तर पुट्टीच्या सेशनमध्ये लँग = ईएन_आयएन दिसतं. हे सगळं एकाच कारणाने होतंय का?

खाडीपलीकडचा

एका कारणाने नाही. किमान पाच बिघाड एकमेकांवर चढलेत, म्हणून एक सेटिंग बदललं की चित्र फक्त वेगळं दिसतं, सुधारत नाही. मग लोक ते बरोबर केलेलं सेटिंगही परत फिरवतात. आत्ता काहीही बदलू नका. प्रत्येक टप्प्यावर बाइट काय आहेत ते आधी बघा.

कमांडांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप नेहमीच्या रोमन अक्षरांत करायच्या. हेक्समधले (सोळाच्या पायाच्या अंकांतले) ए ते एफही तसेच.

तारेवरून अक्षर जात नाही, बाइट जातात. ‘ठाणे’ यूटीएफ-८ मध्ये चार संकेत (युनिकोडचे सुटे घटक) आणि बारा बाइट आहे: ठ म्हणजे ई० ए४ ए०, काना म्हणजे ई० ए४ बीई, ण म्हणजे ई० ए४ ए३, एक मात्रा म्हणजे ई० ए५ ८७. हेच बारा बाइट आयएसओ ८८५९-१, म्हणजे लॅटिन-१ च्या तक्त्याने एकेक करून वाचा. ई० म्हणजे डावीकडे कललेली रेघ असलेला लहान ए, ए४ म्हणजे चलनाची सर्वसाधारण खूण, बीई म्हणजे पाऊण, ए३ म्हणजे पौंड, ए५ म्हणजे येन. तुमची रांग जशीच्या तशी आली की नाही? रेघवाला ई यूटीएफ-८ मध्ये सी३ ए९ आहे. लॅटिन-१ मध्ये सी३ म्हणजे नागमोडी रेघेचा मोठा ए आणि ए९ म्हणजे कॉपीराइट. म्हणजे सर्व्हर बरोबर बाइट पाठवतोय आणि पुट्टी ते चुकीच्या तक्त्याने वाचतंय.

खात्री करायला डेटाबेस, फाइल, लोकेल सगळं बाजूला ठेवणारी एक चाचणी आहे. शेलमध्ये प्रिंटएफ लिहून अवतरणात \३०३\२५१\एन द्या. हे सी३ ए९ चंच ऑक्टल रूप आहे. रेघवाला ई एकटा दिसला तर टर्मिनल यूटीएफ-८ समजतंय. दोन खुणा दिसल्या तर नाही. मग \३४०\२४४\२४०\एन द्या. ठ दिसला तर उत्तम. रिकामी चौकट दिसली तर तक्ता बरोबर आहे, फॉन्टमध्ये देवनागरी नाही. चौकट आणि कचरा यांत गल्लत करू नका, दोन्हींचे इलाज वेगळे आहेत.

आता ऐरोलीचं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इथे लोक नेटवर्कवर संशय घेतात. लॅटिन-१ मध्ये ८० ते ९एफ या जागा छापायच्या अक्षरांच्या नाहीत, टर्मिनलच्या आठ-बिट नियंत्रण संकेतांच्या आहेत. ९० म्हणजे डीसीएस: यापुढे येणारा मजकूर छापू नकोस, ती तुला सूचना आहे, ९सी येईपर्यंत गोळा कर. ९बी म्हणजे सीएसआय, ज्याने कर्सर हलतो आणि रंग बदलतात. ९डी म्हणजे ओएससी, ज्याने खिडकीचं शीर्षक बदलतं. आता देवनागरीचे तिसरे बाइट बघा. ऐ म्हणजे ई० ए४ ९०. छ म्हणजे ई० ए४ ९बी. झ म्हणजे ई० ए४ ९डी. ऐरोलीचं पहिलंच अक्षर टर्मिनलला ‘गप्प बस’ म्हणून सांगतं. पुढे कुठेतरी ज आला, ज्याचा तिसरा बाइट ९सी आहे, की टर्मिनल परत बोलायला लागतं. म्हणूनच हे कधी होतं आणि कधी होत नाही.

पडदा अडकला तर आंधळेपणाने ‘रिसेट’ टाइप करून एंटर दाबा. तेवढ्याने सुटलं नाही तर पुट्टीच्या खिडकीच्या मेनूत रिसेट टर्मिनल आहे.

पुट्टीचा इलाज: जतन केलेलं सेशन निवडून आधी लोड करा. विंडो, त्याखाली ट्रान्सलेशन, तिथे रिमोट कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ करा. मग परत वर सेशनवर येऊन सेव्ह करा. हे सेव्ह राहून जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पौंड-येन सुरू होतात. हे सेटिंग प्रत्येक सेशनसोबत वेगळं साठवलं जातं, त्यामुळे जुन्या पुट्टीत बनवलेली सेशनं नवीन पुट्टीतही लॅटिन-१ च धरून बसतात. एकेक उघडून बघावी लागतील.

सीवूड्स_४०

लोकेलचं, म्हणजे भाषा आणि कॅरेक्टर सेट ठरवणाऱ्या सेटिंगचं, मी लिहिते, कारण तुमचा ‘ईएन_आयएन’ हा इथला खास सापळा आहे.

लिनक्सच्या ग्लिबसीत (मूळ सी लायब्ररीत) बहुतेक लोकेलची नावं ईएन_यूएस.यूटीएफ-८ अशी असतात. भारतीय लोकेल नुसती ईएन_आयएन, एमआर_आयएन अशीही नोंदलेली आहेत आणि त्यांचा कॅरेक्टर सेट मुळातच यूटीएफ-८ आहे. ‘लोकेल चारमॅप’ चालवून बघा, लँग ईएन_आयएन असतानाही उत्तर यूटीएफ-८ च येईल. त्यामुळे ग्लिबसीला विचारणारे प्रोग्रॅम व्यवस्थित चालतात. टीमक्स मात्र ग्लिबसीला विचारत नाही. ते एलसी_ऑल, मग एलसी_सीटाइप, मग लँग या क्रमाने पहिलं भरलेलं मूल्य घेतं आणि त्या नावात यूटीएफ-८ ही अक्षरं शोधतं. तुमच्या नावात ती नाहीत, म्हणून ते समजतं की समोरचं टर्मिनल साधं आहे, आणि ॲस्कीबाहेरच्या प्रत्येक अक्षराच्या जागी खालची रेघ टाकतं.

तर सर्व्हरवर पूर्ण नाव द्या. ‘लोकेल -ए’ च्या यादीत ईएन_आयएन.यूटीएफ८ आहे का बघा. तिथे लहान अक्षरांत आणि जोडरेघेशिवाय दिसतं, त्याने घाबरू नका, दोन्ही एकच. नसेल तर ईटीसी खालच्या लोकेल.जेन फाइलमधली ईएन_आयएन ची ओळ उघडी करून सुडोने लोकेल-जेन चालवा. मग ‘अपडेट-लोकेल लँग=ईएन_आयएन.यूटीएफ-८’. हे ईटीसी/डिफॉल्ट/लोकेल मध्ये लिहिलं जातं आणि नव्या लॉगिनपासून लागू होतं.

टीमक्समध्ये दोन गोष्टी वेगळ्या आहेत. खालच्या रेघा जायला डिटॅच करून नव्या लॉगिनमधून परत अटॅच केलं तरी पुरतं, किंवा तात्पुरतं ‘टीमक्स -यू अटॅच’. पण आतल्या शेलना जुनंच लँग मिळालेलं असतं, आणि टीमक्सचा सर्व्हर चालू आहे तोवर नव्या खिडक्यांनाही तेच मिळत राहतं. आतली कामं संपली की एकदा ‘टीमक्स किल-सर्व्हर’ करा.

आता मॅक. तिथलं टर्मिनल बऱ्याचदा भाषा न लावता नुसतं एलसी_सीटाइप=यूटीएफ-८ ठेवतं. मॅकवर ते वैध नाव आहे. मॅकच्या एसएसएच क्लायंटच्या सेटिंगमध्ये सेंडएन्व्ह लँग आणि एलसी_* असतं, उबुंटूच्या एसएसएच सर्व्हरवर ॲक्सेप्टएन्व्ह तेच. म्हणून मॅकचं मूल्य गुपचूप सर्व्हरवर येऊन बसतं. ग्लिबसीत ‘यूटीएफ-८’ नावाचं लोकेल नाही. आणि प्रोग्रॅम सुरू होताना सगळी लोकेल एकत्र मागतो, त्यातलं एक जरी चुकीचं निघालं तरी पूर्ण मागणीच फेटाळली जाते आणि तो सी लोकेलवर राहतो. तुमचं लँग कितीही बरोबर असलं तरी त्याचा उपयोग होत नाही. सी लोकेलमध्ये एलएस ला ई० ए४ हे छापण्याजोगं अक्षर वाटत नाही, म्हणून तो \३४०\२४४ लिहितो. फाइलचं नाव शाबूत आहे.

मॅकच्या टर्मिनलच्या सेटिंगमध्ये प्रोफाइल्स, ॲडव्हान्स्ड, तिथे ‘सुरू होताना लोकेलची पर्यावरण चलं ठेवा’ अशा अर्थाचा चौकोन आहे, तो रिकामा करा आणि शेलच्या स्वतःच्या फाइलमध्ये लँग=ईएन_यूएस.यूटीएफ-८ एक्सपोर्ट करा. हे लोकेल सर्व्हरवरही तयार असू द्या. सर्व्हरवर कोणाकोणाची मॅक येणार हे तुमच्या हातात नसेल तर एसएसएचडी च्या सेटिंगमधली ॲक्सेप्टएन्व्ह ओळ बंद करणं जास्त भरवशाचं, मग सगळ्यांना सर्व्हरचंच लोकेल मिळतं.

एलसी_ऑल कुठल्याही कायमच्या फाइलमध्ये लिहू नका. ते बाकी सगळ्यांवर मात करतं आणि पुढे कारण शोधताना तासन्‌तास जातात. ते फक्त एका कमांडपुढे, चाचणीपुरतं.

तुमच्या क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणाऱ्या स्क्रिप्ट असतील तर त्यांना लॉगिन शेलच्या फाइलींतलं काहीच मिळत नाही. क्रॉनटॅबच्या वरच लँग लिहा. डॉकरच्या छोट्या इमेजमध्येही लोकेल ठरवलेलं नसतं, तिथे सी.यूटीएफ-८ ठेवा.

आणि गिट वापरत असाल तर लोकेल दुरुस्त केल्यावरही गिट स्टेटसमध्ये \३४०\२४४ च दिसेल. ते गिटचं स्वतःचं वळण आहे. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोर.कोटपाथ फॉल्स’.

रबाळे_नाका

दोघांचे आभार. पुट्टी आणि टीमक्स दोन्ही सुधारले, ऐरोली पूर्ण दिसते. मॅकवरचा इशारा गेला, एलएस नीट.

जुन्या ओळी तशाच आहेत. त्यातल्या ‘ठाणे’ च्या एका नोंदीवर लेंग्थ (बाइट) २५ आणि चार_लेंग्थ (संकेत) १२ येते. चांगल्या ओळीवर १२ आणि ४. बिघडलेल्या ओळीचा हेक्स सी३ए० सी२ए४ सी२ए० असा सुरू होतो. जुना प्रोग्रॅम अजून एका मशिनवर चालू आहे आणि त्यात मात्र ह्याच ओळी अगदी बरोबर दिसतात, उलट नव्या ओळींच्या जागी प्रश्नचिन्हं. मग चूक कोणाची?

खाडीपलीकडचा

हेक्स दिलात ते फार बरं केलं, त्यात पूर्ण उत्तर आहे. हा डबल एन्कोडिंगचा प्रकार.

जुना प्रोग्रॅम डेटाबेसला जोडताना सांगतो ‘मी लॅटिन-१ बोलतो’, आणि प्रत्यक्षात पाठवतो यूटीएफ-८ चे बाइट. सर्व्हर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. ई० आला: हा लॅटिन-१ मधला रेघवाला ए, यूटीएफ-८ मध्ये तो सी३ ए०, तसा साठवला. ए४ झाला सी२ ए४. ए० झाला सी२ ए०. एका ठ चे सहा बाइट. ठाणेच्या बारा बाइटांपैकी अकरांचे दोन-दोन झाले आणि शेवटच्या ८७ चे तीन, म्हणून पंचवीस. मारियाडीबी आणि मायएसक्यूएल ज्याला लॅटिन-१ म्हणतात तो प्रत्यक्षात विंडोज-१२५२ आहे, त्यात ८७ ही दुहेरी कट्यारीची खूण आहे आणि तिला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. तुमचा आकडा तंतोतंत जुळतो.

वाचताना जुना प्रोग्रॅम उलटी चूक करतो, दोन चुका एकमेकींना पुसतात आणि त्याला सगळं बरोबर दिसतं. खऱ्या देवनागरीच्या नव्या ओळींना लॅटिन-१ मध्ये जागाच नाही, म्हणून त्याला प्रश्नचिन्हं. म्हणजे त्या प्रोग्रॅममध्ये चांगलं दिसणं हाच बिघाडाचा पुरावा आहे.

आधी जुना प्रोग्रॅम बंद करा किंवा त्याच्या जोडणीत यूटीएफ८एमबी४ करा. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. ‘शो व्हेरिएबल्स लाइक कॅरेक्टर_सेट_%’ मध्ये क्लायंट, कनेक्शन आणि रिझल्ट्स या तिन्ही ओळींवर यूटीएफ८एमबी४ हवं. ही कमांड वेगळ्या क्लायंटमधून चालवून काही कळत नाही, त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या जोडणीतून चालवायची.

मग मायएसक्यूएलडंपने बॅकअप, --डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ लावून. टेबलाची प्रत काढून काम त्या प्रतीवर.

बिघडलेल्या ओळी वेगळ्या ओळखा: हेक्स केलेल्या रकान्यात सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ सापडलं तर मराठी डबल. रेघवाला ई डबल झाला असेल तर सी३८३सी२ए९. फक्त त्याच ओळींवर, आतून बाहेर असं रूपांतर: रकाना कन्व्हर्टने लॅटिन१ करा, तो कास्टने बायनरी करा, तो पुन्हा कन्व्हर्टने यूटीएफ८एमबी४ करा. मधली बायनरीची पायरी गाळली तर डेटाबेस आपलं आपण परत फिरवतो आणि काहीच बदलत नाही.

वेअरची अट विसरलात तर चांगल्या ओळींतलं प्रत्येक मराठी अक्षर ३एफ होतं, म्हणजे खरंखुरं प्रश्नचिन्ह. ते परत आणायचा कुठलाही मार्ग नाही, बॅकअपशिवाय. म्हणून आधी त्याच अटीने सिलेक्ट करून जुनं आणि नवं शेजारी शेजारी बघा, मगच अपडेट.

कोलशेत_रोड

वरच्या उत्तरात एक भर. ही दुरुस्ती डेटाबेसमध्येच करा, बाहेर पायथॉन किंवा आयकॉन्व्हने करायला जाऊ नका. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता मराठीत बघा. हलन्ताचं चिन्ह म्हणजे ई० ए५ ८डी. पहिला उकार म्हणजे ई० ए५ ८१. ए म्हणजे ई० ए४ ८एफ. ऐ ९०, झ ९डी. म्हणजे प्रत्येक जोडाक्षर आणि प्रत्येक ऱ्हस्व उकार त्या रिकाम्या जागेत पडतो. मारियाडीबीचा लॅटिन१ त्या पाच जागांनाही एकास एक संकेत देतो, म्हणून तिथे जाणं-येणं बिनचूक होतं. पायथॉनचा सीपी१२५२ आणि आयकॉन्व्हचा विंडोज-१२५२ तिथे चूक दाखवून थांबतात. मग लोक ‘चुका दुर्लक्षित करा’ लावतात आणि ठाणे बरोबर येतं, पण मुंब्रा मधला उकारही जातो आणि हलन्तही. चाचणीला ठाणे घेऊ नका. मुंब्रा घ्या, त्यात दोन्ही आहेत.

एखाद्या मधल्या प्रोग्रॅमने ते बाइट आधीच गाळले असतील तर हेक्समध्ये सी३ए०सी२ए५ च्या पुढे सी२८डी च्या जागी ३एफ दिसेल. त्या ओळी हाताने भराव्या लागतील, दुसरा उपाय नाही.

आता तुटणारं कोपरखैरणे. त्यात नऊ संकेत आहेत, क, ओकार, प, र, ख, दोन मात्रा, र, ण, एक मात्रा, आणि सत्तावीस बाइट. तुमच्या छपाईच्या स्क्रिप्टमध्ये ‘कट -सी१-२०’ किंवा तसलं काही असणार. उबुंटूवरचा कट -सी म्हणताना अक्षरं म्हणतो आणि मोजतो बाइट. वीस बाइट म्हणजे सहा पूर्ण संकेत, ‘कोपरखै’, आणि सातव्या र चे पहिले दोन बाइट, ई० ए४. तिसरा नसल्यामुळे टर्मिनल त्या अर्धवट तुकड्यासाठी काळं प्रश्नचिन्ह दाखवतं. उबुंटूचा मूळचा ऑक म्हणजे मॉक, तोही बाइटच मोजतो. गॉक बसवलात तर तो यूटीएफ-८ लोकेलमध्ये संकेत मोजतो, पण तोही ख आणि त्याच्या दोन मात्रा यांच्या मधोमध कापू शकतो. वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं ते तोडायचं नसेल तर पर्लच्या नियमित पदावलीतला \एक्स, मोठ्या अक्षरातला, वापरा. तो अक्षर आणि त्यावरच्या मात्रा एकत्र धरतो.

रकाने सरळ रेषेत येण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: टर्मिनलमध्ये मराठीची यादी जागा मोजून सरळ करण्यात वेळ घालवू नका. टर्मिनल म्हणजे चौकड्यांची वही, एका संकेताला ठरावीक घरं. ग्लिबसीच्या हिशेबात एक मात्रा, हलन्त आणि अनुस्वार यांना शून्य घरं, पण काना आणि वेलांटी यांना एक-एक. त्यामुळे ‘ठाणे’ तीन घरांचं आणि ‘वाशी’ चार घरांचं. ‘क्षेत्र’ चार घरांचं ठरतं, आणि टर्मिनलने जोडाक्षरं जुळवली तर प्रत्यक्षात जागा कमी लागते. टर्मिनल आणि प्रोग्रॅम वेगवेगळे तक्ते वापरत असतील तर कर्सर एका ठिकाणी आणि अक्षर दुसऱ्या ठिकाणी. पहिल्या वेलांटीचं तर आणखी अवघड: ती साठवताना व्यंजनानंतर येते आणि दिसते आधी, म्हणजे घरांची अदलाबदल करावी लागते.

पुट्टी ही जुळवणी नीट करत नाही, तिथे बाइट बरोबर असूनही जोडाक्षरं सुटी दिसतील. तो डेटाचा दोष नाही. लिनक्सवर कन्सोल किंवा एमएलटर्म बरं. विंडोजवर विंडोज टर्मिनल घेऊन त्यात विंडोजचाच एसएसएच वापरा. डेटा सेंटरमध्ये रॅकला जोडलेल्या मॉनिटरवर मराठीची अपेक्षाच धरू नका. लिनक्सच्या नुसत्या कन्सोलला एकावेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्यांचा फॉन्ट चालतो आणि तो जोडाक्षरं जुळवत नाही. छपाईची यादी टॅबने वेगळे केलेले रकाने किंवा एचटीएमएल टेबल म्हणून काढा आणि रुंदी छापणाऱ्या प्रोग्रॅमवर सोडा.

सीवूड्स_४०

एक्सेलचं राहिलं. सुरुवातीला खूण नसलेली सीएसव्ही दुहेरी क्लिकने उघडली की एक्सेल ती विंडोजच्या तक्त्याने वाचतं, आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर बहुतेक १२५२. दोन मार्ग आहेत. डेटा मेनूतून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आयात करा आणि फाइल ओरिजिन ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा. किंवा फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे ‘ही यूटीएफ-८ आहे’ सांगणाऱ्या त्या खुणेचे, तीन बाइट टाका, ईएफ बीबी बीएफ, प्रिंटएफमध्ये \३५७\२७३\२७७. मग दुहेरी क्लिकही चालतं.

बीओएम असलेली फाइल परत डेटाबेसात लोड करू नका. पहिल्या ओळीच्या पहिल्या रकान्यात ते तीन बाइट न दिसता चिकटून बसतात आणि मग ‘हाच कोड दिसतोय, पण शोधला की सापडत नाही’ सुरू होतं. एक्सेलसाठीची फाइल वेगळी, लोडसाठीची वेगळी.

आणि एक्सेलमध्ये बिघडलेलं दिसत असताना सेव्ह दाबू नका. उघडून बंद केली तर फाइल शाबूत राहते, सेव्ह केली की कचराच खरा मजकूर होतो.

विंडोजवर कोणी पॉवरशेल ५.१ मधून ‘>’ ने फाइल काढत असेल तर ती यूटीएफ-१६ होते, सुरुवात एफएफ एफई. ती लिनक्सवर आल्यावर ग्रेपला काही सापडत नाही. पॉवरशेल ७ मध्ये तसं होत नाही, बीओएमशिवाय यूटीएफ-८ निघते. जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सीएचसीपी ६५००१ त्या खिडकीपुरतंच लागू असतं.

रबाळे_नाका

प्रतीवर दुरुस्ती केली, मुंब्रा बरोबर आलं, लेंग्थ २१, चार_लेंग्थ ७. म्युलर आणि रेनेही ठीक. मूळ टेबलावर आज रात्री चालवतो. एकच अडकलंय: आडनाव कऱ्हाडे शोधलं की काही ग्राहक सापडतात, काही नाही. पडद्यावर दोन्ही डोळ्यांना एकसारखे.

कोलशेत_रोड

ते डबल एन्कोडिंग नाही. ऱ्ह तीन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्त्यासह (खालच्या टिंबासह) एकसंध ऱ आणि हलन्त: ई०ए४बी१ ई०ए५८डी, सहा बाइट. दोन, साधा र, सुटा नुक्ता, हलन्त: ई०ए४बी० ई०ए४बीसी ई०ए५८डी, नऊ. तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा, जोडणारा संकेत झेडडब्ल्यूजे: ई०ए४बी० ई०ए५८डी ई२८०८डी, हेही नऊ. कुठला कीबोर्ड कुठला देतो त्यावर अवलंबून.

दुसऱ्याचा पहिला करायला युनिकोडचं एनएफसी, म्हणजे सुटे संकेत एकसंध करायची पद्धत, पुरतं, पायथॉनच्या युनिकोडडेटामधलं नॉर्मलाइझ वापरा. त्यानेच रेघवाल्या ई चंही होईल: तो कोणी ६५ सीसी ८१ असा, म्हणजे साधा ई आणि सुटी रेघ अशा दोन संकेतांत पाठवला असेल, जुन्या एचएफएस+ डिस्कवरच्या फाइलनावांत तसा असतोच, तर तो सी३ ए९ होतो. तिसऱ्या प्रकाराला एनएफसी हात लावत नाही. तिथे ई०ए४बी०ई०ए५८डीई२८०८डी बदलून ई०ए४बी१ई०ए५८डी करा. सरसकट झेडडब्ल्यूजे पुसू नका. ‘र्’ नंतरचा पुसलात तर कऱ्हाडेचं ‘कर्हाडे’ होईल, ह वर रफार चढेल आणि आडनावच बदलेल.

नोंद भरायच्या फॉर्मवर साठवण्याआधी हीच दोन रूपांतरं लावा आणि शोधायच्या शब्दालाही लावा. नुसतं साठवताना लावलं तर ज्याच्या कीबोर्डवर तिसरा प्रकार आहे त्याला स्वतःचं नाव सापडणार नाही.